वनिताचं गाऱ्हाणं

वनिता माइकमध्ये बोलायची नाही, माइकच्या वरून बोलायची. आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते. त्या ट्रेंकडे बघत ती बोलायची, जणू त्यांच्या पलीकडे दरी आहे आणि दरीच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी गुरं राखत उभं आहे. पहिल्याच शब्दाला मीटरचा काटा लाल पट्ट्यात जायचा. काचेच्या अलीकडे मी बसलेली असायची. समोरचा सरकता खटका दोन बोटांत धरून तिचा आवाज खाली ओढणं हे माझं काम होतं. सावंत सरांनी मला तेवढंच शिकवलं होतं. काटा हिरव्यात ठेव, पिवळ्यात गेला तर चालेल, लालमध्ये जाऊ देऊ नकोस.

कार्यक्रम संपवून बाहेर आली की ती विचारायची, “आज किती खाली ओढलंस?” मी दोन बोटांत अंतर धरून दाखवायची. अंतर जास्त असलं की ती खूश. “म्हणजे आज खरं बोलले,” असं म्हणून पाणी प्यायला जायची.

महाडात आज तिचं नाव काढलं की लोक विचारतात, अफवा पसरवली होती तीच ना ही? बाजारपेठेत एका दुकानदाराने मला हे हसत हसत विचारलं. मी सुटे पैसे मोजून घेतले, सामान घेऊन घरी आले. त्याला द्यायचं उत्तर घरी आल्यावर सुचलं. म्हणून हे लिहिते आहे. मी रागात लिहिते आहे हेही आधीच सांगून ठेवते. ज्यांना शांतपणे लिहिलेलं वाचायचं असेल त्यांच्यासाठी आमच्या रेडिओवर दर सोमवारी रानभाज्यांचा कार्यक्रम अजून चालू आहे.

आमच्या कॉलेजचा रेडिओ म्हणजे एनसीसीच्या जुन्या कोठीतल्या दोन खोल्या आणि गच्चीवरचा एक मनोरा. त्याचा आवाज सखल भागात लवकर खरखरायचा, पण डोंगरावरच्या वाड्यांत लख्ख पोचायचा. मी तिथे गेले ते तोंड दाखवावं लागणार नाही म्हणून. नाव नोंदवायच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. अनोळखी माणसाला विचारायला मला एकच प्रश्न येतो, तो मी विचारला. कुठून येतेस?

“टेपावरून,” ती म्हणाली.

मला वाटलं रेकॉर्डिंगबद्दल बोलते आहे. मी तिला समजावून सांगितलं की इथे टेप वगैरे नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. “अगो, टेप म्हणजे टेकाड. पोलादपूरच्या अंगाला डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी हाय, वरचा टेप. कुठल्या शाळेत होतीस गो तू?”

मी शाळेचं नाव सांगितलं. शाळा महाडातलीच, पण इंग्रजी माध्यमाची. “तरीच,” ती म्हणाली आणि त्या दिवसापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. आमच्या शाळेत एकही नन नव्हती हे मी तिला कधीतरी सांगितलं. त्यावर तिने सांगितलं की नन नसली तरी तू हायस ना.

ती आमच्यापेक्षा वयाने मोठी होती. बारावीनंतर, टेपावरची निम्मी माणसं जातात तशी, ती मुंबईला गेली होती. तिथे एका मॉलमध्ये लिपस्टिक विकत उभी राहायची. आई पाय घसरून अंथरुणाला खिळली तेव्हा परत आली आणि आईचं करता करता तिने बी.ए.ला नाव घातलं. मुंबईतून तिने तीन गोष्टी आणल्या होत्या: ‘फालतूगिरी’ हा शब्द, उभ्याने जेवायची सवय आणि गोड बोलण्याचा तिटकारा. “दिवसभर उभं राहून गोड बोलायला लावतात,” ती सांगायची. “माजा जल्माचा गोडवा तिथं संपला. आता जे हाय ते कडूच.”

पहिल्याच बैठकीत सावंत सरांनी नियम सांगितला. सर मराठी शिकवायचे, मनाने चांगले होते, पण चांगल्या माणसाला भीती वाटू लागली की तो जसा वागतो तसे वागायचे. कॉलेजच्या रेडिओला बातम्या देता येत नाहीत, राजकारण करता येत नाही, परवाना रद्द होतो. माहिती चालेल, बातमी नको. हवामान, आरोग्य, लोककला, रानभाज्या.

वनिताने हात वर केला. रस्ता वाहून गेला, हे सांगितलं तर ती माहिती का बातमी? सर म्हणाले, रस्ता बंद आहे ही माहिती. मग तो कुणी बांधला होता हे सांगितलं तर? सरांनी चष्मा पुसला. ती बातमी, असं ते म्हणाले.

तर तिने रानभाज्या केल्या. महिनाभर. मग एका सोमवारी सरांना म्हणाली, “सर, भारंगीची भाजी मी एवढ्या वेळा शिजवली की एव्हाना अख्ख्या तालुक्याला जुलाब लागले असतील. आता कायतरी दुसरं द्या.”

सरांनी दुसरं दिलं ते लोकसंगीत. आम्ही नाते गावात जाखडी नाचाचं रेकॉर्डिंग करायला गेलो. ढोलकी, घुंगरू, गोल धरून नाचणारी माणसं, मी आधी कधी जवळून पाहिली नव्हती. नाच सुरू होण्याआधी त्यांच्यातल्या एका जाणत्याने देवळासमोर उभं राहून मोठ्याने काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. मी वनिताला हळूच विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, गाऱ्हाणं. मला तो शब्द शाळेच्या पुस्तकातून माहीत होता. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. म्हणून मी विचारलं, “कुणाविरुद्ध?”

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं, ते कुणाविरुद्ध नसतं, हे तिने मला नीट समजावलं. पण परतीच्या रिक्षात ती गप्प होती. वनिता गप्प बसली की भीती वाटायची. महाड जवळ आलं तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, “कुणाविरुद्ध. कॉन्व्हेंट, तू येडी नायस गो.”

पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला तिने पहिलं गाऱ्हाणं घातलं. सायन्सच्या तीन पोरांना ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला उभं केलं होतं. ते ओढ्यावरच्या न झालेल्या पुलाचं गाऱ्हाणं मला अजून पाठ आहे.

“बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आमच्या वहाळावरच्या साकवाचा नारळ तीन साहेबांनी तीन पावसांत फोडला. खोबरं त्यांनी खाल्लं, करवंट्या आमच्या पदरात टाकल्या. पोरं अजून कंबरभर पाण्यातून शाळेत जातायत. तर जो कोण तो साकव खाऊन बसला असंल, त्याच्या पोटात तो पचू देऊ नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तीनपैकी एक पोरगा हसला, ते हसूही हवेत गेलं. सावंत सर काचेपाशी धावत आले. हे काय चाललंय? वनिता बाहेर येऊन अगदी शांतपणे म्हणाली, “लोककला हाय सर. मी देवाला सांगतेय. मधल्या मधी सरकारनं ऐकलं तर माजा काय दोष?” सरांनी परवान्याची अट मनात दोनदा वाचली असावी. मग ते म्हणाले की नावं घेऊ नकोस. तिने कधीही कुणाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. साकव कुणी खाल्ला हे सगळ्यांना माहीत होतं.

दर सोमवारी गाऱ्हाणं असायचं. मे महिन्यात टँकर आला पण तो पुढाऱ्याच्या शेततळ्यात रिकामा झाला, त्याचं. पाऊस वेळेवर न येऊन भाताच्या रोपांचे राब करपले, मग भलत्या वेळी पडून कुजले, त्याचं. निवडणुकीत ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी फिरणाऱ्याचं. हिरकणीवाडीत गडावर जाणाऱ्यांना ताक विकणारी एक बाई पाच वाजले की गिऱ्हाईकाला थांबवून ठेवायची, असं आमच्या कानावर आलं. एसटी स्टँडवरच्या एका म्हाताऱ्याला मी स्वतः पाहिलं. कॅन्टीनच्या रेडिओकडे तोंड करून, हात जोडून तो उभा होता आणि पोरांच्या बरोबरीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. बातमी ऐकून कुणी हात जोडल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कारखान्यांच्या पाण्याने बदललेल्या नदीच्या रंगाचं गाऱ्हाणं झालं त्या संध्याकाळी माझे बाबा घरी ऐकत होते. बाबा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. त्यांनी रेडिओ बंद केला आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना म्हणाले, ती तुमची मुलगी बरोबर बोलते, पण मी म्हणालो म्हणून कुठे सांगू नकोस. मला त्या वाक्याचा राग आजही येतो. बाबांचा नाही, वाक्याचा. आमच्या गावात सगळ्यांकडे हे एक वाक्य असतं.

वनिताला मात्र कुणाचाही राग यायचा, माझाही. एकदा मी हवामानावर पान लिहून दिलं. ‘हवामान बदलामुळे पर्जन्यमानात अनियमितता आली आहे’, अशी सुरुवात होती. मला ते बरं वाटलं होतं. तिने वाचलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. “हे तुज्या घरात कोण बोलतं?”

कुणी नाही, मी म्हटलं.

“मग इथं का बोलतेस? तू काय बघितलंस ते सांग ना.”

मी काय पाहिलं? मी तो कागद उलटा केला. मग मी तिला सांगितलं की महाडात मोठा पूर आला त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात पाणी फ्रिजच्या वर गेलं होतं. भिंतीला नंतर तीनदा रंग दिला तरी चिखलाची रेघ वर येते. आई आता त्या रेघेच्या वरच डबे ठेवते, खालच्या फळीवर काहीच ठेवत नाही. फळी रिकामी का, असं कुणी विचारलं तर विषय बदलते.

वनिता माझ्याकडे बघत होती. “हेच बोल माइकवर.” मी नाही म्हटलं. तिने आग्रह केला नाही. त्या सोमवारी तिने ते स्वतः सांगितलं, एका मैत्रिणीच्या आईची गोष्ट म्हणून, आणि शेवटी देवाला म्हणाली, या माउलीची खालची फळी भरू दे म्हाराजा. आईने ते ऐकलं. पुढे वनिता घरी आली तेव्हा तिने तिला उभ्याने जेवू दिलं नाही. हाताला धरून बसवलं.

तिचे वडील जाखडीत ढोलकी वाजवायचे. टेपावर सगळे त्यांना आबा म्हणतात, तीही म्हणायची. गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायचं नसतं, तो मान जाणत्या पुरुषाचा, हे त्यांनी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिचं उत्तर तयार होतं. “मी देवळात कुठं घालते? रेडियोवर घालते. रेडियोला काय सोवळं हाय?” वाडीचा कारभार बघते ती गावकी, तिच्या बैठकीतही हा विषय निघाला. तेव्हा गावकी हसली होती. आपल्या पोरीचा आवाज तालुकाभर जातो याचं त्यांना कौतुकच होतं. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे गावकी हसली नाही.

त्या जुलैत वरच्या टेपावर देवळामागे जमिनीला भेग पडली.

खाली पायथ्याला रस्त्यासाठी डोंगर तासला होता. ज्याने तासला तो ठेकेदार आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर नेहमी पहिल्या खुर्चीत असायचा. टेपावरच्या लोकांनी भेग दाखवली. तलाठी चढून आला, फोटो काढून गेला. तहसीलला अर्ज झाला. पाहणीचं पथक येईल, मग आदेश निघेल, मग स्थलांतर, असं कळलं. पथक दुसऱ्या कुठल्या डोंगरावर होतं. दोन दिवस पाऊस धरून होता, पुढच्या दोन दिवसांसाठी फोनवर लाल इशारा आला होता. त्या सोमवारी सकाळी वनिताने मला मोबाईलवर चित्रफीत दाखवली. आबांनी भेगेत काठी घातली होती. काठी गेली ती मुठीपर्यंत गेली.

सावंत सरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण स्वतः ठरवायचं सोडून ते प्राचार्य मॅडमना विचारायला गेले. मॅडमनी तहसीलला फोन लावला. तहसीलमधून सांगितलं की पाहणी झाल्याशिवाय अधिकृत काही बोलता येत नाही. मॅडमनी सरांना सांगितलं की अधिकृत नाही ते प्रसारित करता येत नाही. ही सगळी माणसं त्या दिवशी आपापलं काम चोख करत होती. मी शपथेवर सांगू शकते की एकानेही हयगय केली नाही.

पाच वाजायला आले तेव्हा सर अजून केबिनमध्येच होते. वनिता आत गेली, चप्पल काढली. तिने आधी कधी चप्पल काढली नव्हती. काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, “कॉन्व्हेंट, दिवा लाव.” मी लाल दिवा लावला. हात आवाजाच्या खटक्यावर ठेवला. ओढला नाही.

“बा देवा म्हाराजा, वरच्या टेपाच्या धन्या म्हाराजा! तुज्या देवळामागं भुई उकललीय. काल बोट जात व्हतं, आज काठी जाते. तलाठी बघून गेला, साहेबाचा कागद वाटेत हाय. पाऊस कागदासाठी थांबणार नाय म्हाराजा. तर आज दिवस मावळायच्या आत टेपावरचं पोरढोर, म्हातारंकोतारं सगळ्यांना खालच्या शाळेत सुखरूप ने. कोण म्हणंल लावणी राहिलीय, त्याला सांग, लावणी जित्या माणसांनी करायची असते. आणि जो कोण खुर्चीत बसून कागदाची वाट बघतोय, डोंगर हालायच्या आधी त्याची खुर्ची हालू दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” या वेळी पोरं हसली नाहीत.

टेपावर ते घराघरांत ऐकलं गेलं. गाऱ्हाणं ही त्यांच्यासाठी रेडिओची चीज नव्हती. देवाच्या नावाने शब्द पडला होता. आबांनी सगळ्यांत आधी गोठ्यातल्या गुरांचं दावं सोडलं. दिवस मावळेपर्यंत वाडी रिकामी झाली. वनिताची आई दोन माणसांच्या हातांच्या पाळण्यात बसून खाली आली. उतारावर चिखलात गावकीच्या म्होरक्याची म्हैस घसरली, तिचा पाय मोडला, ती गेली. माणसं सगळी शाळेत पोचली.

त्या रात्री पाऊस ओतला, दुसऱ्या दिवशीही ओतला. डोंगर पडला नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. हिरवंगार, धुतलेलं, निर्लज्ज ऊन. माणसं शाळेच्या ओट्यावर बसून वर बघत होती. वर वाडी जशीच्या तशी होती. खाचरात लावणीला काढलेलं आवण कुजत होतं. कुणीतरी म्हणालं, चला. कुणाला तरी म्हैस आठवली. मग सगळ्यांनाच राग आला आणि तो डोंगरावर काढता येत नव्हता.

कॉलेजात चौकशी झाली. मी यंत्रावर होते म्हणून मलाही बोलावलं. प्राचार्य मॅडम, संस्थेचे दोन सदस्य, कोपऱ्यात सावंत सर. मॅडम म्हणाल्या की अनधिकृत बातमी देऊन भीती पसरवली, याला अफवा म्हणतात. वनिता म्हणाली की बातमी नव्हती, गाऱ्हाणं होतं. एक सदस्य म्हणाले, “शब्दांचे खेळ आमच्याशी करू नका. माणसं हलली ना? म्हणजे बातमीच.” मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्याकडे बातमीची व्याख्या काय आहे. ज्याने माणसं हलतात ती. म्हणून ती बंद. भेग आहे का, असं मात्र त्या खोलीत कुणी विचारलं नाही. माफी लिहून दे आणि रेडिओपासून लांब राहा, एवढं ठरलं. मला वयामुळे आणि स्वभावामुळे समज देऊन सोडलं. स्वभावामुळे, असं त्यांनी खरोखर म्हटलं.

त्याच आठवड्यात देवळात गावकी बसली. तिथे तिने सांगितलं की ती बातमी होती, रेडिओवर देतात तशी. गावकी म्हणाली, बातमी कशाची? देवाच्या नावानं गाऱ्हाणं घातलंस, बाईमाणूस असून घातलंस आणि खोटं घातलंस. देवाला खोटं पाडलंस. ज्या म्होरक्याने आधी हसून कौतुक केलं होतं त्यानेच विचारलं, “तुला मान कुणी दिला गो?” आबांनी देवापुढे नारळ फोडून चूक पदरात घ्यावी, गौरी-गणपतीत त्यांच्या ढोलकीला मेळ्यात जागा नाही, असं ठरलं. जास्त ताणलं असतं तर घर वाळीत पडलं असतं.

हे मला तिने कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्याने वडापाव खात सांगितलं. तिचा आवाज तिथेही लालमध्ये होता, येणारेजाणारे बघत होते. “कॉलेजात म्हणतात ही बातमी हाय. गावात म्हणतात हे गाऱ्हाणं हाय. भेग हाय असं म्हणणारा एक नाय गो.”

आबांनी नारळ फोडला. चूक झाली असे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत म्हणे. पोरीला सांभाळ, एवढंच देवाला म्हणाले. त्यांना तिथेच राहायचं होतं. अंथरुणावरच्या बायकोला घेऊन कुठे जाणार होते? मला ते कळत होतं. वनितालाही कळत होतं. पण तिला ते पुरलं नाही. तिने माफी लिहून दिली नाही आणि बी.ए. अर्ध्यावर सोडलं. आईला बघायला धाकटी मावशी आली. वनिता परत मुंबईला निघाली. मॉलमध्येच, त्याच कामाला.

भेग अजून आहे. पाहणीचं पथक पाऊस संपल्यावर आलं, दोन तास थांबलं. त्यांचा कागदही वाटेत आहे. टेपावर माणसं राहतात, लावणी करतात, पाऊस धरला की आता वर बघत नाहीत, कारण वर बघणं म्हणजे वनिताची बाजू घेणं. आमच्या रेडिओवर भाज्या आणि सिनेमाची गाणी असतात. सावंत सर मला कॉरिडॉरमध्ये भेटले की चष्मा पुसतात. मी अजून काचेअलीकडे बसते. काटा हिरव्यात असतो. ओढावं लागत नाही.

मी तिला सोडायला वीर स्टेशनवर गेले होते. रिक्षात तिने पिशव्या मांडीवर धरल्या होत्या. प्लॅटफॉर्मवर पावसाची झड येत होती, आम्ही छपराखाली मागे सरकून उभ्या होतो. मला खूप बोलायचं होतं आणि जे तोंडातून निघालं ते रागाने निघालं. मी म्हटलं, “एक दिवस तो डोंगर पडेल. मग कळेल सगळ्यांना.”

तिने माझी हनुवटी धरली. जोरात, दुखेल अशी.

“असं बोलायचं नाय,” ती म्हणाली. “वर कोण राहतं? माजी आई उठून पळणार हाय का? मी खरी ठरायला किती मढी पायजेत तुला?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हनुवटी सोडली. गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला. मग तिने चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि पोलादपूरच्या बाजूला, ढगात बुडालेल्या डोंगरांकडे तोंड केलं. मला वाटलं आता ती ओरडणार. ती हळू बोलली. मी तिला तेवढं हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मीटर असता तर काटा जागचा हलला नसता.

“बा देवा म्हाराजा. मी खोटी ठरले. मला जल्मभर खोटी ठेव.”

ती थांबली. गाऱ्हाण्यात तिथे थांबायचंच असतं, पुढचं दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. सायन्सची पोरं तिथे नव्हती. कुणीच नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. किती मोठ्याने म्हटलं ते मला कळलं नाही, पण पलीकडच्या बाकावरच्या दोघीजणींनी दचकून वळून पाहिलं.

गाडी आली. वनिता पिशव्या घेऊन चढली आणि दारात उभी राहिली. गाडी हलली तेव्हा तिने दोन बोटं हवेत धरली, मी स्टुडिओत खटका धरते तशी, आणि वर सरकवली.